स्वस्तातला बेस: आधी वाजता करा, मग रंगवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलच्या धर्तीचा, चार तारांचा एक जुना बेस गिटार आठ हजारांत घेतला आहे. काळ्या रंगाचे कडांना टवके उडाले आहेत, पहिल्या तीन-चार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा खरखरतात, ॲम्पला लावला की सतत घूं असा आवाज येतो. रंग पूर्ण खरवडून आतलं लाकूड दिसेल असं पॉलिश करायचं आहे, पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग) आणि ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तो भाग) बदलायचे आहेत. हाताशी आणखी सहा-सात हजार आहेत, असं काम आधी कधी केलेलं नाही. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात नेकपासून, म्हणजे लांब दांड्यापासून, करा. रंग, पिकअप, ब्रिज हे सगळं नंतर. स्वस्त बेसवर पैसे घालायचे की नाहीत, हे त्याची नेक ठरवते, बॉडी नव्हे. बॉडी शेवटी लाकडाचा ठोकळा आहे. त्यावर काहीही बदलता येतं. नेक पिळलेली असेल किंवा तिच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरतच नसेल, तर त्या बेसवर नवा पिकअप बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

तपासायचं असं. बेस ट्यून करून ठेवा, बॉडीच्या बाजूने डोळा नेकच्या कडेला लावून हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, पाहा. आधी सगळ्यात जाड, म्हणजे ई तारेची कड, मग सगळ्यात बारीक, म्हणजे जी तारेची. दोन्ही कडांचा बाक सारखा दिसला तर नेक ठीक. एक वर आणि एक खाली जात असेल तर पीळ आहे. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या आसपास असतो, त्यामुळे नेकला थोडा पुढे बाक असणारच, आणि तो हवाही असतो. बेसची तार गिटारच्या तारेपेक्षा बरीच रुंद हलते. नेक अगदी सपाट केली तर हलायला जागा न मिळाल्यामुळे ती पहिल्या काही फ्रेटवर आपटते. तुमची तक्रार नेमकी हीच आहे. त्यामुळे माझा पहिला संशय ट्रस रॉड जास्त आवळलेला असण्यावर आहे.

मोटारच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच, आणा. पहिल्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, नेक बॉडीला जिथे मिळते तिथल्या फ्रेटवर ई तार दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.३० ते ०.३५ मिमी असेल तर उत्तम. फट दिसतच नसेल तर रॉडच्या नटाच्या बाजूने पाहत रॉड डावीकडे, म्हणजे सैल करायच्या दिशेने, एक अष्टमांश फेरा फिरवा. फट जास्त असेल तर तारा सैल करा आणि रॉड उजवीकडे फिरवा. प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करून मोजायचं, आणि एका बैठकीत पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही. ॲलन की (षटकोनी चावी) रॉडच्या नटात नीट बसते की नाही हे आधी बघा. कुठे ४ मिमी लागते, कुठे ५, तर कुठे ३/१६ इंच. जवळपास बसणारी चावी जोराने फिरवली की नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग ते काम कारागिराशिवाय निस्तरत नाही.

यानंतर वरचा नट, म्हणजे हेडस्टॉककडची प्लास्टिकची पट्टी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. कागदाच्या जाडीइतकी फट राहायला हवी. स्वस्त बेसमध्ये खाचा जवळपास नेहमीच उथळ ठेवलेल्या असतात. म्हणून पहिल्या फ्रेटवरचा एफ दाबताना बोट दुखतं आणि तो सूर थोडा चढाही लागतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या बोटांत जोर नाही. खाच तारेच्याच जाडीच्या कानशीने हळूहळू खोल करावी लागते, आणि उतार हेडस्टॉककडे ठेवावा लागतो. अशी कानस तुमच्याकडे नसणार. नुसती मोकळी तार खरखरत असेल तर उलट, खाच जास्त खोल गेलेली आहे. अशा वेळी नट बदला. हाडाचा नट बसवून घेणं हा माझ्या मते स्वस्त बेसवरचा सगळ्यात किफायतशीर खर्च आहे.

मग सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची, उंची. सतराव्या फ्रेटवर ई तार सुमारे २.४ मिमी आणि जी तार २ मिमी वर, इथून सुरुवात करा. हात जड असेल तर अर्धा मिमी वाढवा. सॅडल पूर्ण खाली नेऊनही तारा उंचच राहिल्या तर नेकचा कोन बदलावा लागतो. त्यासाठी नेकच्या खाचेत, बॉडीकडच्या टोकाला, पातळ पट्टी ठेवतात. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडाही चालतो. शेवटी सूर जुळवा: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या. हे नव्या तारांवरच करा. जुनी, मळलेली तार कुठल्याही सॅडलवर खोटंच बोलते.

फ्रेटबोर्डबद्दल, म्हणजे फ्रेट ज्यात बसवलेले असतात त्या नेकवरच्या लाकडी पट्टीबद्दल, एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या हवेशी तिचा थेट संबंध आहे. शिसवीच्या जातीच्या लाकडांवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक नियम लागू झाले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण मधल्या काळात स्वस्त गिटारींचे बरेच फ्रेटबोर्ड दुसऱ्या लाकडांवर गेले. त्यातलं एक, इंडियन लॉरेल या नावाने येणारं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. लाकूड चांगलं आहे, टणक आहे. पण कोणतंही लाकूड कोरड्या हवेत आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी मात्र आकसत नाही. म्हणून नागपूर, संभाजीनगर किंवा पुण्याच्या उन्हाळ्यात नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोचतात. बोर्डाला मास्किंग टेप लावा, बारीक कानस तिरकी धरून टोकं मोडा आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा. हे काम नवशिक्याला जमतं आणि हाताला फरक लगेच कळतो. लाकूड फार कोरडं दिसलं तर मिनरल ऑइलचे चार थेंब कापडावर घेऊन पुसा. खोबरेल लावू नका, ते थंडीत गोठतं आणि पुढे खवट वास धरतं. फ्रेट उंचसखल असतील तर मात्र ते लेव्हल करायचं काम कारागिराकडेच द्या. पहिल्याच वाद्यावर कानस चालवून फ्रेट खाल्ले गेले की ते परत भरून येत नाहीत.

इथवर आलात की बेस वाजायला लागलेला असेल. आता तो घूं आवाज.

प्रिसिजनचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा आहे. दोन्ही कॉइल एकमेकांच्या उलट गुंडाळलेल्या आणि चुंबकही उलट, त्यामुळे बाहेरून पकडलेली घरघर दोन्हीकडून येऊन एकमेकांना खोडते. म्हणजे ज्या पिकअपला घरघर मुळातच कमी यायला हवी, तोच तुमच्याकडे ओरडतो आहे. दोष पिकअपमध्ये असण्याची शक्यता कमी आणि वायरिंगमध्ये असण्याची जास्त. नवा पिकअप आणून त्याच वायरिंगला जोडलात तर घरघर तशीच राहील. म्हणून पिकअप तूर्तास विसरा.

बेस ॲम्पला लावा आणि तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर ग्राउंडची वायर शाबूत आहे, बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीला शिल्डिंग, म्हणजे धातूचं अस्तर, हवं. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखाली जाणारी वायर तुटली आहे किंवा रंगावरच टेकली आहे. ब्रिज उचलून पाहा: वायरचं उघडं टोक धातूला नीट दाबलेलं हवं. हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकच्या दोन वायरी उलट जोडल्या आहेत. आणि हे सगळं तपासण्याआधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. ॲम्पचा तिसरा पिन काढून किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरवर तो चालवत असाल तर आजच बंद करा. बेसच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तो करंट तुमच्या बोटांतून जाईल.

वायरिंग फार साधं आहे: एक व्हॉल्यूम, एक टोन, एक कपॅसिटर, एक जॅक. सगळं मिळून पाचशे-सातशे रुपयांच्या आसपास. मी सरसकट बदलूनच टाकतो. २५० के (किलोओहम) चे दोन पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते भाग), ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्याच्या अंगावर ४७३ छापलेलं असतं, आणि एक दणकट मोनो जॅक. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे मिळतं. कपॅसिटरवर शेकडो रुपये घालू नका. किंमत वेगळी आणि आकडा तोच असेल तर कानाला फरक ऐकू येत नाही. पॉट घेताना दांड्याखालच्या आट्यांचा व्यास मोजा. बऱ्याच स्वस्त बेसच्या पिकगार्डची, म्हणजे बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याची, भोकं लहान, मेट्रिक पॉटची असतात आणि मोठा अमेरिकन पॉट त्यात जात नाही. सोल्डरिंग आयर्न ४० ते ६० वॉटची घ्या. २५ वॉटची घेतलीत तर पॉटची पाठ तापेपर्यंत आतली पट्टी भाजून निघते. पाठीवर पॉलिश पेपर घासून चकाकी मोडा, आधी पाठीवर थोडं सोल्डर पसरवा, मग वायर ठेवा. पोकळीला तांब्याची टेप लावा, तुकडे एकमेकांवर चढवून सांध्यांवर सोल्डरचा टिपका द्या, आणि ही टेप ग्राउंडला जोडायला विसरू नका. न जोडलेली टेप काही उपयोगाची नाही.

आता रंग. आतलं लाकूड दाखवायची तुमची इच्छा मला समजते, पण या बेसवर ते करू नका.

स्वस्त बेसवर कारखान्यात पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर चढवतात. तो काचेसारखा कडक असतो, म्हणून ओरखडा पडण्याऐवजी टवका उडतो. पेंट रिमूव्हर त्यावर फारसं चालत नाही. हीट गनने तो मऊ होऊन सुटतो, पण नवख्या हाताने लाकूड काळं होतं, आणि सुटणारा धूर घरात घेण्यासारखा नाही. पॉलिश पेपरने घासायचं म्हटलं तर कित्येक दिवस जातात आणि धूळ फुफ्फुसात जाते. इतकं करून आत काय सापडतं? पॉप्लर किंवा बासवुडचे तीन-चार तुकडे, एकमेकांशी रेषा न जुळवता चिकटवलेले, मध्ये कुठे फिलर भरलेला. ज्या लाकडाचं अंग दाखवण्यासारखं नसतं, त्याच्यावरच कारखाना काळा रंग मारतो. खात्री करायची तर पिकगार्ड आणि नेक काढा आणि नेकच्या खाचेत, पिकअपच्या पोकळीत टॉर्च मारून पाहा. तिथे रंग पातळ असतो, जोडाच्या रेषा बऱ्याचदा दिसतात. पॉलिएस्टर काढल्यावर आवाज मोकळा होतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. चुंबकी पिकअपच्या भरीव बॉडीत तारा, पिकअपची उंची आणि उजव्या हाताची जागा यांनी पडणाऱ्या फरकापुढे तो फरक मोजण्याइतका नसतो.

म्हणून जुना रंग पाया म्हणून वापरा. तो घट्ट बसलेला आहे आणि लाकडाचे छिद्र त्याने बंद केलेले आहेत. त्याहून चांगला पाया घरी तयार होणार नाही. काढायची ती फक्त त्याची चकाकी.

सगळं सामान उतरवा, प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत ठेवून नावं लिहा. ब्रिजचे आणि नेकचे स्क्रू सारखे दिसतात, नसतात. बॉडी व्हाइट पेट्रोलने पुसा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. हातांचा घाम, जुनं पॉलिश, विशेषतः सिलिकॉनचं, राहिलं तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मग टवक्यांच्या कडा ३२० च्या पेपरने उतरत्या करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. खड्ड्यात मोटारीची दोन भागांची पुट्टी पातळ थरात भरा, वाळली की लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून सपाट करा. नुसत्या बोटांनी घासलं की लाटा पडतात आणि चकाकी आल्यावरच त्या दिसतात. मग सगळी बॉडी ४०० ने एकसारखी निस्तेज करा. उजेड तिरपा पाडून पाहा, जिथे चमक उरली असेल तिथे नवा रंग पुढे सुटणार. वॉटर पेपर वापरत असाल तर स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका. लाकूड फुगतं आणि भोकाभोवती रंग तडकतो.

नेकची खाच टेपने पूर्ण झाका. तिथे रंगाचे चार थर चढले तर नेक बसत नाही, आणि ठोकून बसवली तर कोपऱ्यातून रंग फुटतो.

प्रत्यक्ष रंगासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, घरी स्प्रे कॅनने. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घ्या. वेगळ्या जातीच्या थिनरने खालचा थर सुरकुततो, म्हणून आधी पिकगार्डखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर मारून पाहा. नेकच्या स्क्रूच्या भोकांतून एक लाकडी पट्टी बसवून बॉडी टांगा. कॅन वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरा, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. प्रायमरचे दोन थर, रंगाचे चार-पाच, क्लिअरचे सहा-सात, सगळे पातळ. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत कॅनचा रंग वाळताना हवेतलं पाणी धरतो आणि पांढुरका पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले. आणि क्लिअर मारल्यावर तीन-चार आठवडे हात लावू नका. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येतो आहे तोवर रंग आतून ओला आहे. मग १०००, १५००, २००० चा वॉटर पेपर आणि शेवटी रबिंग कंपाउंड. गोल कडांवर पेपर जवळजवळ फिरवूच नका, तिथला थर सगळ्यात आधी कापला जातो.

दुसरा रस्ता, आणि तुमच्या जागी मी हाच घेईन: घासून, पुट्टी भरून तयार केलेली बॉडी मोटारीच्या गॅरेजमधल्या पेंटरकडे न्या. त्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे, गन आहे, हात बसलेला आहे, आणि तो मारतो तो दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग कॅनच्या रंगापेक्षा कितीतरी टिकाऊ असतो. हा रंग घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कापडी किंवा कागदी मास्क ते अडवत नाही. वाद्याला मोटारीचा रंग ही काही तडजोड नाही. फेंडरचे पन्नास-साठच्या दशकातले खास रंग, फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू वगैरे, ड्यूपाँ कंपनीच्या मोटारींच्या रंगांतूनच आले होते. पेंटरला फक्त इतकं सांगा: नेकच्या खाचेतली टेप काढू नको, भोकं पुट्टीने बुजवू नको, थर पातळ ठेव. एखाद्या गाडीचं काम चालू असताना त्याच रंगात तुमची बॉडी मारून घेतलीत तर पैसे आणखी कमी लागतील.

जोडणी करताना एखादा स्क्रू नुसताच फिरत राहिला तर घाबरू नका. मऊ लाकडात भोक मोठं होतंच. दोन-तीन टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, वर उरलेलं कापा, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू हातानेच फिरवा. नेकचे चार स्क्रू थोडे थोडे करून कर्णरेषेत आवळा.

ट्यूनिंगच्या चाव्या सूर धरत असतील तर तशाच राहू द्या. ब्रिजही राहू द्या. वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज दिसायला हलका वाटतो, पण पन्नासच्या दशकापासून असंख्य रेकॉर्डिंगं तसल्याच ब्रिजवर झाली आहेत. सॅडलचे स्क्रू गंजून बसले असतील किंवा वाजवताना सॅडल आपोआप खाली उतरत असेल, तरच बदला. त्या वेळी तारांमधलं अंतर आणि स्क्रूची भोकं मोजून घ्या.

वाचलेले पैसे तारांवर घाला. चांगला सेट दोन हजारांच्या आसपास येतो आणि आवाजात सगळ्यात मोठा बदल तोच करतो. जेम्स जेमर्सन या अमेरिकन बेसवादकाने मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत जो बेस मुख्यतः वाजवला, तो १९६२ चा प्रिसिजन होता. तारा फ्लॅटवाउंड (वरचं गुंडाळण चपटं, गुळगुळीत), त्या सहसा न बदललेल्या, आणि ब्रिजपाशी फोमचा तुकडा. तुम्हाला तसा गोल, बुटका आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड घ्या, आणि भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तारांखाली सारून पाहा. बोटांचा टणक, खणखणीत आवाज हवा असेल तर स्टील किंवा निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेचं गुंडाळण असलेल्या). तार चढवताना ती खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर सोडा, आधी काटकोनात वाकवा, मग कापा. सरळ तार कापली तर वरचं गुंडाळण सुटतं आणि तार मेल्यासारखी वाजते. वेढे दोन-तीन, वरून खाली उतरत जाणारे.

पिकअप घ्यायचाच असेल तर या सगळ्यानंतर दोन महिने वाजवून मग ठरवा. त्याआधी आहे त्याची उंची बदलून पाहा. ई-ए चा तुकडा थोडा खाली आणि डी-जी चा थोडा वर केला की बऱ्याचदा तारांचा तोल जुळतो. तारेच्या फार जवळ नेऊ नका. चुंबक जाड तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो.

नव्या तारा, नवा ताण, काढून बसवलेली नेक, यामुळे पहिला आठवडाभर बाक बदलत राहील. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने सातव्या फ्रेटची फट पुन्हा मोजा, आणि ०.३० ते ०.३५ च्या बाहेर गेली असेल तरच रॉडला हात लावा.